दोन बोटं सैल

४ फेब्रुवारी

प्रिय गाठोड्या,

हे नाव वाचून तोंड वाकडं करू नकोस. जहाजावर तुला कुणी काहीही म्हणो. बाबांनी ट्रकच्या सीटला पट्ट्यानं बांधून गावभर फिरवलेला माझा भाऊ गाठोडंच आहे, आणि म्हातारा झाला तरी गाठोडंच राहणार.

पत्र लिहितेय, कारण हे फोनवर बोलता येत नाही. माझ्याकडे फोन नाही. बंदराला लागलास की तू बाबांच्या घरी फोन करतोस, आणि मी बोलत असते तेव्हा बाबा शेजारी उभे असतात.

दर रविवारी मी आईचे केस धुवायला जाते, हे तुला माहीतच आहे. तिला पार्लरमध्ये आणणं मी सोडून दिलंय. आरशातली बाई आपल्या आधी रांगेत घुसलीय असं तिला वाटतं आणि ती भांडायला उठते. म्हणून आता मीच बादली आणि तांब्या घेऊन तिच्या खुर्चीमागे उभी राहते. परवा पाणी सांडलं, तिची बाही भिजली, म्हणून मी ती वर सारली. बाबा स्वयंपाकघरातून धावत आले, "राहू दे, राहू दे, मी बदलतो." एवढी घाई त्यांनी ट्रक सुटत असतानाही कधी केली नसेल.

दोन्ही दंडांवर कोपराच्या जरा वर तांबूस पट्टा उमटलाय. रुंद, सरळ. काळानिळा नाही, पण कातडी चुरगळल्यासारखी दिसते. मी विचारलं तर बाबा म्हणाले, कपाटावर आपटली. दोन्ही हात एकाच उंचीवर आपटायला कपाट काय दोन्ही बाजूंनी चालून आलं होतं का? मग माझ्या लक्षात आलं की घरात पंखा फिरत असतानाही तिच्या अंगात लांब बाह्यांचा स्वेटर असतो, आणि तो कित्येक आठवडे असतो.

आईला हळूच विचारलं, कुणी केलं हे? तिनं माझ्याकडे विनातिकीट पकडलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे." अख्खी नोकरी बसमध्ये उभ्यानं काढली, बाकी सगळं विसरली, तेवढं राहिलंय.

निघताना स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला चार पट्टे टांगलेले दिसले. लोकांचं सामान बांधायचे बाबांचे जुने पट्टे मला माहीत आहेत, खरखरीत आणि तपकिरी. हे नवे आहेत, करडे, मऊ.

मला जे वाटतंय ते लिहायला हात धजत नाही. आपल्या बाबांनी आपल्यावर कधी बोट उगारलं नाही. विचारलं आणि माझाच संशय खोटा निघाला, तर त्यांना तोंड कसं दाखवू? आणि खरा निघाला तर काय करू? लवकर लिही.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र कंपनीच्या ऑफिसातून या बंदरात आलं. मी ते धक्क्यावर उभ्यानंच वाचलं, आणि खरं सांगतो, आधी तुझाच राग आला. दिवसभर पार्लरमध्ये बायकांची रडगाणी ऐकतेस आणि त्यातलं एखादं घरी घेऊन येतेस. राईचा पर्वत करायची तुझी जुनी सवय. मी शाळेतून उशिरा आलो तर तू थेट पोलीस चौकीपर्यंत पोचायचीस.

पण ते पट्टे मीच पाठवलेत.

गेल्या वर्षी बाबांनी लिहिलं होतं, जहाजावर मोटारी बांधायला वापरता तसले मऊ पट्टे असतील तर चार धाड, घरातलं एक सामान बांधायचंय. मी धाडले. मला आनंदच झाला. निवृत्त झाल्यापासून त्यांनी कशाला हात लावला नव्हता, म्हटलं कुणाचं तरी कपाट हलवून देत असतील. कुठलं सामान, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. मीही परत विचारलं नाही.

आता तूच विचार कर. बाबांनी लोकांचे पियानो बांधले, आरसे बांधले, काचेची झुंबरं बांधली, आणि त्यांच्या हातून कधी टवका उडाला नाही. मला ट्रकमध्ये बांधायचे तेव्हा मी घाटात झोपून जायचो. बांधलेलं सामान फुटत नाही, सुटं सामान फुटतं, हे वाक्य मी रोज जहाजावर माल बांधणाऱ्या आमच्या पोरांना ऐकवतो. तो माणूस आईला इजा करेल हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

एक कर. दुपारी, न सांगता, सहज गेल्यासारखी जा. काय दिसतं ते बघ आणि सरळ विचार. उगाच मनात कुढत बसू नकोस.

तुझा
गाठोडं (फक्त तुझ्यासाठी)

९ मार्च

प्रिय गाठोड्या,

गेले होते. मंगळवारी, दुपारच्या वेळी, माझ्या किल्लीनं दार उघडून.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. दोन पट्टे दंडांवरून, एक कमरेवरून, एक मांड्यांवरून. पट्ट्यांखाली जुन्या रजईचे तुकडे, कडा दुमडून शिवलेले. बाबांनी स्वतः शिवलेत. बाबा आंघोळ करत होते. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. किंचाळावं की काय करावं कळेना. आई मला म्हणाली, "बाई, आज कधी नव्हे ती बसायला जागा मिळालीय. माझा स्टॉप आला की सांगा." आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

बाबा बाहेर आले. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून चेहरा पडेल. कसलं काय! त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं, नव्या कामगाराला शिकवतात तसं. "हे बघ, सगळीकडे दोन बोटं सैल सोडलंय. कुठे घासत नाही. गाठ मागे आहे, तिच्या हाताला येत नाही, पण आपण एकदा ओढली की सुटते. मध्यंतरी दंडावर वळ उठले, मग रजई घातली, आता उठत नाहीत." आणि खरंच, वळ आता फिकट झालेत. त्यांच्या आवाजात अभिमान होता रे. मी सरळ विचारणार होते, बाबा, तुम्ही आईला बांधता? ते विचारायला जागाच राहिली नाही.

मी एवढंच म्हटलं, "बाबा, ती सामान नाही." ते गाठ सोडता सोडता थांबले. म्हणाले, "सामान असती तर एकदा बांधून निवांत झोपलो असतो." मग त्यांनी चहा टाकला. मी प्यायले. आई सुटल्याबरोबर उठून चालायला लागली, दारापर्यंत आणि परत, दारापर्यंत आणि परत, आणि बाबा हातात कप घेऊन तिच्या मागे.

जिना उतरताना रडू आलं. तुझे भाऊजी म्हणतात, आईला आपल्याकडे घेऊन येऊ, पुढची खोली रिकामी करू. मी दुसऱ्या दिवशी बाबांकडे विषय काढला. तुम्हीही चला म्हटलं. ते म्हणाले, हे घर सोडलं तर तिला संडास कुठे आहे तेही सापडणार नाही, आणि मी तुझ्या घरात पाहुण्यासारखा बसणार नाही. मग म्हणाले, "तिला न्यायचं असेल तर विचारू नकोस, सरळ ने. मी हो म्हणणार नाही."

आता मी काय करू? बांधलेल्या माणसाला काही झालं तर ते उठू शकत नाही, एवढं मला कळतं. पण तिला बाबांपासून तोडलं तर बाबा उरणार नाहीत, हेही कळतं. मी मोठी असले तरी हे एकटीनं ठरवायची माझी छाती होत नाही. तू म्हणालास, ने, तर मी उद्या घेऊन येते.

ताई

१५ मार्च

चिरंजीव गाठोडं यास अनेक आशीर्वाद.

तुझी ताई येऊन गेली. तिनं तुला कळवलं असेलच, त्या पोरीच्या पोटात काही राहत नाही. माझ्या राहतं. म्हणून हे तुला लिहितो.

तुझ्या आईला मी बांधतो. पाव आणि दूध आणायला उतरतो तेव्हा, माझ्या आंघोळीच्या वेळी, आणि चुलीपाशी काम असेल तेव्हा. बाकी वेळ तिच्या मागे चालतो. थंडीत ती दोनदा रस्त्यावर गेली. दुसऱ्यांदा डेपोच्या चौकात सापडली. गाड्यांच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना हात करून पुढे घेत होती. एका ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आज घरात आहे. त्या दिवसापासून बांधतो. चौकातलं ताईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी आईला उचललं असतं.

दुसरी गोष्ट अशी की मला अधूनमधून भोवळ येते. आधी वाटलं, पोट रिकामं असेल. मागच्या आठवड्यात आंघोळीहून बाहेर येताना पडलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. डोळे उघडले तर तुझी आई खुर्चीतून वाकून माझ्याकडे बघत होती. बांधलेली होती, तेव्हा उठणार कशी? म्हणाली, "अहो, उभं राहायचं तर दांडा धरून उभं राहावं." मी खाली पडल्या पडल्याच हसलो. मग तीही हसली. पुष्कळ महिन्यांनी हसली. कपाळाला खोक पडलीय, ती टोपीखाली जाते.

हे ताईला कळवू नकोस. कळलं तर ती आईला घेऊन जाईल, आणि तिचं चूक असणार नाही. पण माझं काय होईल ते मलाही ठाऊक नाही. तुझ्या आईला आता माझं नाव सांगता येत नाही. जिन्यात माझी पावलं वाजली की मात्र खुर्चीत सरळ होऊन बसते. घरी कुणी वाट बघतंय, एवढं एक मला अजून आहे, आणि ते माझ्यानं सोडवत नाही. तू माझ्याच धंद्यातला आहेस. तुला समजेल.

मी तुझ्याकडे पट्ट्यांखेरीज आजवर काही मागितलं नाही. हे एवढं मागतो.

तब्येत सांभाळ. दोरखंडाजवळ उभं राहताना मागे बघत जा.

तुझे बाबा

२ एप्रिल

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. ताईला मी सांगणार नाही. पण माझंही ऐका. आधी डॉक्टरला दाखवा. आणि घराची एक किल्ली खालच्या घड्याळवाल्या काकांकडे द्या. सकाळ-संध्याकाळ तुमचा आवाज आला नाही तर त्यांनी वर येऊन बघावं, एवढंच त्यांना सांगा. ते चांगले आहेत, गावभर करणार नाहीत. भोवळ आलीय असं वाटलं तर आईला बांधू नका, तिच्याशेजारी खाली बसून राहा.

मी जूनमध्ये येतोय. तोवर सांभाळा. हे सगळं कराल असं मी धरून चालतो.

तुमचा
गाठोडं

२ एप्रिल

ताई,

खूप विचार केला. आईला आत्ता हलवू नकोस.

बाबांचं म्हणणं मला पटतं. नव्या घरात ती आणखी बिथरेल. जूनमध्ये माझी सुट्टी मंजूर आहे, चांगली लांब. मी येतो, आपण तिघं बसून ठरवू. गरज पडली तर मी बाबांना घेऊन त्या घरात राहीन आणि तू आईला ने, किंवा उलट. पण मी नसताना त्यांना तोडू नकोस. आजवर थांबलीस, आणखी थोडं थांब.

जमलं तर रोज घरी डोकावत जा. काही खास नाही, आपलं सहज. बाबा एकटे असतात.

गाठोडं

२० एप्रिल

प्रिय गाठोड्या,

तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. तू ने म्हणाला असतास तर मला खरंच न्यावं लागलं असतं. आता मी तुझ्या भाऊजींना सांगितलंय, भाऊ येईपर्यंत थांबायचं ठरलंय. ते पुढची खोली मात्र आवरतच राहिले, तेच मला जास्त लागतं.

रोज जातेय. पार्लर उघडायच्या आधी, नाहीतर बंद केल्यावर. काल आईचा दिवस चांगला होता. मी तिचे केस कापले. मानेपर्यंत आखूड केले, तिला शोभतात. मान हलवून म्हणाली, "हलकं वाटतंय." बाबा बघत उभे होते, म्हणाले, "पहिल्यांदा बघितली तेव्हा असेच होते. सुट्टे नाहीत म्हणून मला गाडीतून खाली उतरवलं होतं हिनं." आणि लाजले. आपले बाबा लाजले! मी कैची खाली ठेवून दोघांकडे बघतच राहिले. अशा दिवशी वाटतं की मी उगाच जिवाला घोर लावून घेतलाय.

पण बाबा फार बारीक झालेत. घरातसुद्धा टोपी काढत नाहीत. परवा कप देताना त्यांचा हात भिंत चाचपत होता. मी काही झालंय का विचारलं तर म्हणाले, वय झालंय. ते तुला लिहितात, मला माहीत आहे, लिहायचे कागद आणि पाकिटं टेबलावर असतात. त्यांना काही होतंय का? तुला काही कळवलंय का? खरं सांग. तुझ्या उत्तराची मी वाट बघतेय, कारण ते मला सांगणार नाहीत.

ताई

८ मे

ताई,

घाईत लिहितोय, जहाज सुटतंय. बाबा मला फक्त ख्यालीखुशाली कळवतात. उन्हाळा आहे, त्यात आईच्या मागे दिवसभर चालायचं, माणूस बारीक होणारच. जूनची वीस तारीख पक्की झालीय. तू स्वतःला फार दमवू नकोस. पार्लरही बघावं लागतं ना. मी आलो की तुला महिनाभर सुट्टी.

गाठोडं

२६ मे

गाठोड्या,

कंपनीच्या ऑफिसात मी फोन केला होता. त्यांनी निरोप जहाजावर पोचवला म्हणून सांगितलं. पुढचं बंदर येईपर्यंत तुला उतरता येणार नाही हेही सांगितलं. म्हणून बाबांना आम्हीच पोचवून आलो. तुझे भाऊजी पुढे होते. तुझी वाट बघता येण्यासारखी नव्हती, राग धरू नकोस.

निरोपात सगळं सांगता येत नाही. तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

तुझं आठ तारखेचं पत्र आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी दोन दिवस गेले नाही. पार्लरमध्ये गर्दी होती, पाय सुजले होते, आणि भावानं लिहिलंय काही नाही, मग काही नाही. तिसऱ्या सकाळी गेले. आतून काहीच आवाज येत नव्हता. आई घरात चालत असते तेव्हा जिन्यापर्यंत पावलं ऐकू येतात.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात पडले होते. गॅस बंद होता, तेवढं त्यांनी पडायच्या आधी केलं होतं. हाताला गार लागले.

आई खुर्चीत. पण खुर्ची खिडकीपाशी नव्हती. तिनं पाय रेटून रेटून बांधलेल्या खुर्चीसकट स्वतःला खोलीच्या मध्यापर्यंत ओढत आणलं होतं, बाबांच्या दिशेनं. तिथे सतरंजीच्या कडेला खुर्चीचा पाय अडकला. तिथून बाबांपर्यंत एक हात अंतर होतं. टाचा सोलवटलेल्या, दंडांवरची रजई सरकून पट्टा कातडीत गेलेला, कपडे भिजलेले, ओठ सुकून फुटलेले. आदल्या दिवसापासून ती तशी होती. मला बघून तिनं ओठ हलवले. तिचा आवाज बसला होता. कितीतरी वेळ हाक मारली असणार, आणि नाव आठवत नसताना काय म्हणून मारली असेल कुणास ठाऊक.

मी मागची गाठ ओढली. ती लगेच सुटली.

आई चार दिवस दवाखान्यात होती. आता माझ्याकडे आहे, पुढच्या खोलीत. जखमा भरतील म्हणतात.

बाबांना तपासलेल्या डॉक्टरांनी मला विचारलं, यांना आधी कधी भोवळ वगैरे यायची का, कपाळावर जुनी खोक आहे. वेळेवर तपासलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, असंही म्हणाले. घरात कुणाला माहीत नव्हतं का? मी म्हटलं, कुणालाच नव्हतं.

घड्याळवाले काका आले होते. सांगत होते, एप्रिलमध्ये एकदा बाबा त्यांच्या दुकानात येऊन उभे राहिले. हातात किल्ली होती. किती वाजले एवढं विचारलं, थोडा वेळ थांबले, आणि वर निघून गेले. किल्ली कशासाठी आणली होती कोण जाणे. तुला काही उलगडा होतोय का?

ताई

५ जून

ताई,

मला उलगडा होतो. मीच त्यांना किल्ली द्यायला सांगितलं होतं.

मला माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं. त्यांनी मला सगळं लिहिलं होतं. भोवळ, पडले ते, खोक. आई चौकात गाड्यांमध्ये सापडली होती तेही. तुला सांगू नकोस म्हणाले आणि मी सांगितलं नाही. तू सरळ विचारलंस, खरं सांग म्हणालीस, तेव्हाही नाही.

का, ते मी रोज स्वतःला विचारतोय. बाबांनी पहिल्यांदाच मला मोठं समजून काही सांगितलं होतं. सगळ्या जगात फक्त मला. ते तुझ्या हातात दिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी आईला नेलं असतंस, आणि बाबांनी माझ्याकडे परत कधी त्या नजरेनं बघितलं नसतं. मला वाटलं, किल्लीचं सांगितलंय, डॉक्टरचं सांगितलंय, जूनला मी जातोच आहे. मधले दिवस आपोआप निघून जातील. माझं काम काय आहे तुला माहीत आहे. वादळात माल सुटला की काय होतं ते मी पोरांना शिकवतो. आणि घरातलं सगळं सुटत चाललेलं मला दिसत होतं तरी मी पत्रात लिहिलं, उन्हाळा आहे.

आठ मेला मी फोनच्या खोलीसमोर उभा होतो. दोन माणसं पुढे होती. मी रांग सोडून पत्र लिहायला बसलो. पत्रात खोटं लिहिणं सोपं जातं, तुझा आवाज ऐकू येत नाही.

आई खुर्ची ओढत गेली, हे मला डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

मी यायला निघू का? वीस तारखेचं तिकीट अजून आहे. पण मला बघायची तुझी इच्छा नसेल तर तसं लिही, मी पुढच्या फेरीवर जाईन. तू म्हणशील तसं.

गाठोडं

१२ जून

तुझं पत्र कंपनीच्या माणसानं हातोहात आणून दिलं. हेही त्याच्याच हाती पाठवतेय.

तुझं पत्र वाचून मी पार्लरच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर एक बाई डोक्याला रंग लावून बसली होती, तिचे केस जळायची वेळ आली तरी मला उठवेना. तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. लहानपणी मारायची तसं नाही, खरंखुरं.

तुला वाटतंय, तू एकट्यानं लपवलंस. मला बाबांचा हात भिंत चाचपताना दिसला होता. टोपी दिसली होती. मी ती टोपी उचलून बघू शकत होते, दोन पावलांवर होते मी. समोर उभ्या असलेल्या माणसाला धरून बसवायचं सोडून मी तुला समुद्रात पत्र पाठवलं, आणि महिनाभर उत्तराची वाट बघत बसले. तू थांब म्हणावंस असंच मला हवं होतं. तू तेच म्हणालास. म्हणून सगळा दोष तुझ्या पदरात टाकायला मला जमत नाही. थोडा टाकते. तो तुझा आहे, घे.

आईचे दंड भरत आलेत. टाचा अजून नाहीत, तरी ती चालते. पुढच्या खोलीतून दारापर्यंत, दारातून परत. जिन्यात पावलं वाजली की थांबते, माणूस आत आला की पुन्हा चालायला लागते. दवाखान्यातली बाई म्हणाली, गुंगीच्या गोळ्या द्या, नाहीतर खुर्चीला पट्टा लावायचा मिळतो, पुष्कळ लोक लावतात. काल तुझे भाऊजी कामावर होते, पार्लरमध्ये पाणी तुंबलं म्हणून निरोप आला, आणि मी आईकडे बघत दारात उभी राहिले. जावं कसं ते कळेना. तेव्हा पहिल्यांदा बाबांचा दिवस कसा जात असेल ते मला समजलं. गेले नाही. पार्लर तुंबू दिलं.

हे रोज मला एकटीला जमणार नाही. तू मला विचारलंस, निघू का. पुन्हा माझ्याकडूनच ठरवून घेतोयस. या वेळी मी ठरवतेय. मला तुझं मत नको, तुझी पत्रं नकोत, माझ्या घराच्या दारात उभं राहायला एक माणूस हवाय. वीस तारखेचं तिकीट आहे, त्यावर ये. उत्तर लिहीत बसू नकोस.

स्टेशनवर कुणी येणार नाही. दार उघडंच असेल असं नाही, वाजव. आधी आईकडे जा. ती तुला ओळखणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस. मी ओळखीन, आणि बरेच दिवस तुझ्याशी बोलणार नाही. तरी ये.

ताई